साथ ओसरल्यावरची बांधबंदिस्ती



खोडवा आणि खताऐवजी या अंकात आम्ही सरकारच्या तयारीवर लिहितो आहोत. करोनाची साथ गेली, पण तिने उघडे पाडलेले धोके आपल्या जिल्ह्यातून गेलेले नाहीत.

मार्च 2020 मध्ये साथ आवरायला शासनाने लागू केलेला कायदा 1897 चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. अवघ्या चार कलमांचा. अधिकार कुणाचे ते त्यात आहे. दवाखाना बारमाही सज्ज कसा ठेवायचा, ते नाही.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशातल्या धरणांचे पाणी खाली उतरले आणि गावेच्या गावे हलवावी लागली. एकीकडे अंतर राखा, दुसरीकडे माणसे एका शाळेत आणा! संकटे पाळी लावून येत नाहीत. साथीचा आराखडा एका टेबलावर, पुराचा दुसऱ्या, हे यापुढे चालायचे नाही.

मग 9 जानेवारी 2021 ची रात्र. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा तान्ही बाळे गेली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्नितपासणीचे आदेश निघाले. तरी 6 नोव्हेंबर 2021 रोजी तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला आणि किमान अकरा रुग्ण दगावले. तपासणी कागदावर राहिली की भिंतीतली वायर तशीच राहते.

आपल्या धंद्यात असे चालत नाही. बॉयलर निरीक्षकाचा दाखला नसेल तर अग्निप्रदीपन होत नाही, मग ऊस फडात वाळत का पडेना. गाळप बंद असते त्या महिन्यांत मिल उघडतात, रोलर काढतात, नळ्या तपासतात. उसाची एक मोळी येत नसताना हा खर्च होतो, आणि सभासद तो मंजूर करतात. (आकड्यांवर भांडतात, ते वेगळे.)

सरकारने हेच करावे. 2021 मध्ये ठिकठिकाणच्या रुग्णालयांत प्राणवायूचे प्रकल्प बसले; ते चालवणारा माणूस आणि देखभालीचा पैसा दरसाल हवा. दाखला नसलेला कक्ष उघडूच नये. वरच्या धरणातून पाणी सोडण्याआधी खालच्या गावाला वेळेत निरोप मिळावा.

पुढच्या ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्राचा विषय निघाला, की नव्या बांधकामाचा आकडा ऐकून उठू नका. दुरुस्तीचा आकडा वेगळा मागा.