नदी नसलेल्या शहराचा चित्रकार

बंगळूरला नदी नाही. शहर पठाराच्या माथ्यावर, नऊशे मीटरपेक्षा उंचावर वसलंय. पाऊस पडला की काही पाणी अर्कावतीतून कावेरीला मिळतं, काही दक्षिण पिनाकिनीकडे उतरतं. बसवनगुडीच्या नंदीपाशी जिचा उगम सांगतात ती वृषभावती आज सांडपाणी वाहून नेते. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांना पंचगंगा होती, रंकाळा होता. बंगळूरच्या निसर्गचित्रकारानं बसायचं कुठं?

रुमाले चन्नबसवय्या (१९१०–१९८८) फुललेल्या झाडांसमोर बसले.

मूळचे दोड्डबळ्ळापूरचे. अ. न. सुब्बराव यांनी १९१९ साली काढलेल्या कलामंदिरात शिकले. पण चित्रकला बाजूला पडली आणि स्वातंत्र्यलढा आला. डॉ. ना. सु. हर्डीकरांचं सेवा दल, तुरुंग, मग पत्रकारिता आणि राजकारण. ब्रश पुन्हा पूर्णवेळ हाती आला तो पन्नाशीच्या आसपास. उशीर झाला म्हणावं, तर त्यांची उत्तम चित्रं त्यानंतरचीच आहेत.

त्यांचे विषय आधीच कुणीतरी लावून ठेवले होते, आणि त्या माणसाशी आपलंही नातं आहे. जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल आधी सयाजीरावांच्या बडोद्यात होते. १९०८ साली ते बंगळूरच्या लालबागेत आले. एका झाडाचा बहर ओसरावा तोवर दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशा बेतानं त्यांनी रस्त्यांवर झाडं लावली. टॅबेबुया, नीलमोहर, गुलमोहर: वर्षभर शहरातून रंग वाहता राहतो. रुमाल्यांनी रंगवला तो हा प्रवाह.

खादीतला हा माणूस प्रत्यक्ष जागेवरच रंगवायचा. आधी जलरंग, पुढे मोठाले तैलरंगी कॅनव्हास. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे तुटक फटकारे दिसतात. चार पावलं मागं सरकलं की फांदी लगडते. हे पाहून हटकून व्हॅन गॉगचं नाव घेतलं जातं. मला ती तुलना आळशी वाटते. व्हॅन गॉगच्या झाडांना स्वस्थता नाही. रुमाल्यांचा गुलमोहर भर उन्हातही निवांत असतो.

त्यांनी रंगवलेल्या कित्येक रस्त्यांवरची झाडं रुंदीकरणात आणि मेट्रोत गेली. एम. जी. रोडचा सावलीचा पदपथही त्यातलाच. म्हणून राजाजीनगरातल्या रुमाले कलागृहात जायचं तर मार्च-एप्रिलमध्ये, उरलेली झाडं बहरात असताना जावं. आधी चित्रं पाहावीत, मग कब्बन पार्क गाठावा. उलट क्रमानं गेलात, तर चित्रातले रंग अतिशयोक्तीचे नाहीत हे तेवढं लवकर पटेल.