नदीचें पंचांग

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला कीं त्या संध्याकाळीं घरोघर दिव्याभोंवतीं कशी गर्दी उसळते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वारुळांतून पंख फुटलेल्या वाळव्या हजारोंनीं बाहेर पडतात, घटकाभर उडतात, आणि सकाळीं अंगणांत नुसत्या पंखांचा सडा उरतो. पालींची व बेडकांची त्या रात्रीं मेजवानी असते. आजच निघावयाचें, हें ह्या वाळव्यांना कोणीं सांगितलें? भिंतीवरील पंचांग त्या वाचीत नाहींत; जमिनीची ओल हेंच त्यांचें पंचांग होय.

असाच प्रकार थंड मुलखांतील डोंगरी नद्यांत घडतो, व तो वर्षांतून एकदां नव्हे तर अनेक वेळां घडतो. तेथें बाहेर पडणारा किडा निराळा, त्यास गिळणारा प्राणी निराळा, आणि निघण्याचा हुकूम देते ती ओल नव्हे, तर पाण्याची उष्णता. त्या नद्यांतील ट्राऊट नांवाचा मासा गळानें धरूं पाहणारे लोक हें पाण्याचें पंचांग पिढ्यान्‌पिढ्या वाचीत आले आहेत. अमेरिकेच्या मोंटाना संस्थानांतून वाहणारी मॅडिसन नदी ह्या कामीं जगप्रसिद्ध आहे. म्हणून तिचेंच उदाहरण घेऊन त्या पंचांगाची ओळख करून देण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम ह्या माशाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. ट्राऊट हा साल्मन माशाचा भाऊबंद. ह्याच्या ज्या दोन जाती मॅडिसन नदींत मुख्यत्वें आढळतात त्यांपैकीं एक ब्राऊन ट्राऊट. तिच्या पिंगट अंगावर काळे व तांबडे ठिपके असतात. दुसरी रेनबो ट्राऊट. तिच्या कुशीवरून गुलाबी पट्टा गेलेला असतो. गंमत अशी कीं, दोन्हीही जाती त्या नदीच्या मूळच्या नव्हेत. पहिली युरोपांतून आणलेली, दुसरी पॅसिफिक किनाऱ्याकडील नद्यांतून. आपल्या देशांतही हा मासा पाहुणाच आहे. १८९९ सालीं विलायतेहून काश्मिराकडे पाठविलेलीं ब्राऊन ट्राऊटचीं अंडीं वाटेंतच मेलीं. पुढील वर्षीं आणलेलीं जगलीं, आणि त्यांचा वंश आज तेथील ओढ्यांत नांदत आहे. हिमाचलांत व निलगिरीच्या माथ्यावरील थंड पाण्यांतही ट्राऊट आहे. आपल्या सह्याद्रींतील नद्यांत मात्र त्याचा निभाव लागावयाचा नाहीं. उन्हाळ्यांतील त्यांचें पाणी त्यास सोसणार नाहीं.

न सोसण्याचें कारण दुहेरी आहे. मासा पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो, आणि पाणी जितकें तापावें तितका तो वायु त्यांत कमी राहतो. दहा अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. तेंच पाणी वीस अंशांवर गेलें कीं सुमारें ९ मिलिग्रॅमच. इकडे माशाचें रक्त थंड, म्हणजे त्याच्या देहाची उष्णता पाण्याबरोबर चढते व उतरते. पाणी तापलें कीं त्याच्या देहाचा व्यापार वेगानें चालूं लागून त्यास प्राणवायु अधिक लागतो. मिळकत घटावी आणि त्याच वेळीं खर्च वाढावा, अशी ही स्थिति आहे. दहापासून सतरा-अठरा अंशांपर्यंत ट्राऊट सुखानें चरतो, विसाच्या पुढें त्यास त्रास होऊं लागतो, आणि पंचविशीच्या आसपास बहुधा प्राणावरच बेततें.

आतां नदीकडे वळूं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांत फायरहोल व गिबन ह्या दोन लहान नद्यांचा संगम होऊन मॅडिसन बनते. फायरहोलच्या कांठीं उकळत्या पाण्याचीं कारंजीं आहेत. ‘ओल्ड फेथफुल’ ह्या सुप्रसिद्ध कारंज्याचें पाणी तींतच उतरतें. त्यामुळें वर्षांतून कांहीं महिने मॅडिसनच्या उगमाकडील पाणीच कोमट असतें, हें तिचें वैशिष्ट्य. पुढें हेब्गेन धरणाचा तलाव लागतो. त्याच्या खालीं दुसरा एक तलाव आहे. तो मनुष्यानें बांधलेला नाहीं. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्रीं मोठा भूकंप होऊन डोंगराची एक बाजू नदींत कोसळली, नदी अडली, व २८ माणसें प्राणांस मुकलीं. त्या अडलेल्या पाण्याचा तो तलाव होय. तेथून नदी उथळ, खडकाळ व खळाळती होऊन उत्तरेकडे धांवते, आणि शेवटीं जेफर्सन व गॅलॅटिन ह्या नद्यांस मिळून मिसूरी नदी होते. १८०५ सालीं लुईस व क्लार्क ह्या प्रवाशांनीं तिला नांव दिलें तें जेम्स मॅडिसन ह्यांचें. ते त्या वेळीं परराष्ट्रमंत्री होते, पुढें राष्ट्राध्यक्ष झाले.

नदीच्या तळाचे दगड हीच किड्यांची वसाहत. तिच्यांत तीन घराणीं मुख्य. पहिलें मेफ्लायचें. ह्याचें पिलूं चपटें असून मागें दोन किंवा तीन शेपट्या असतात, आणि दगडाला चिकटून तें शेवाळ खरवडून खातें. दिवस भरले कीं तें पोहत पृष्ठभागावर येतें, पाठ उकलते, आणि शिडाप्रमाणें उभे पंख असलेला नाजूक कीटक बाहेर पडून पंख वाळेपर्यंत पाण्यावर तरंगत जातो. पण एवढ्यानें संपत नाहीं. कांठच्या झाडावर बसून तो पुन्हां कात टाकतो. पंख फुटल्यावर आणखी एकदां कात टाकणारा कीटक सर्व कीटकसृष्टींत हाच एक होय. मग त्याचे पंख कांचेसारखे स्वच्छ होतात. त्यास चालतें तोंड नसतें, अन्न घेणें नाहीं. जोडी जमवावी, पाण्यावर अंडीं टाकावीं आणि मरावें, इतकेंच काम उरतें. तें बहुधा एक-दोन दिवसांत आटोपतें.

दुसरें घराणें कॅडिसचें. आपल्याकडे बाभळीवर काटक्यांची पिशवी करून तींत राहणारी अळी मुलांनीं पाहिली असेल. कॅडिसच्या अनेक जातींच्या अळ्या पाण्याखालीं तसेंच घर बांधतात. वाळूचे कण, काटक्या, पानांचे तुकडे रेशमासारख्या धाग्यानें सांधून त्याची नळी करतात. ह्यांत फुलपांखराप्रमाणें कोषाची अवस्था असते. पंख मिटले म्हणजे ते कौलारू छपरासारखे दिसतात.

तिसरें घराणें स्टोनफ्लायचें, आणि मॅडिसनवर त्याचा राजा म्हणजे साल्मनफ्लाय. ह्याचें पिलूं तीन-चार वर्षें दगडांखालीं कुजकीं पानें खाऊन वाढतें. इतका काळ अंधारांत काढल्यावर जून महिन्याच्या अखेरीस कांठाकडे चालत निघतें, दगडावर किंवा झुडपावर चढतें, आणि जुनी कातडी तेथेंच सोडून सुमारें दोन इंच लांबीचा, नारिंगी पोटाचा कीटक होतें. त्या दिवसांत कांठचीं झुडपें ह्या किड्यांनीं लगडलेलीं असतात. उडण्यांत हे फार गबाळे. वाऱ्याची झुळूक आली कीं टपाटप पाण्यांत पडतात. एरवीं खोल पाण्यांत दडून राहणारा वयस्क, सावध ट्राऊटसुद्धां त्या वेळीं आपली खबरदारी विसरून कांठाशीं येतो.

हे सर्व एकाच सुमारास कां निघतात? एकटा निघालेला कीटक जोडीदाराविना मरेल. शिवाय लाखोंनीं निघाल्यावर माशांनीं व पांखरांनीं कितीही खाल्ले तरी पुष्कळ उरतातच. पण एकजुटीनें निघावयाचें तर सर्वांना एकच खूण हवी. दिवसाची लांबी ही एक खूण असतेच. परंतु नेमका आठवडा ठरतो तो बहुधा पाण्याच्या उष्णतेवरून. ह्याचा डोळ्यांनीं दिसणारा पुरावा साल्मनफ्लाय देतो. खालच्या अंगाचें पाणी आधीं तापतें, वरचें मागाहून. म्हणून हा किडा प्रथम एनिस गांवाजवळ निघतो, आणि मग रोज थोडे थोडे मैल वर सरकत एक-दोन आठवड्यांत भूकंपाच्या तलावाकडे पोंचतो. तज्ज्ञ गळकरी त्याच्या मागें मागें वर जातो.

गळाविषयीं थोडक्यांतच सांगतों. ह्या गळास गांडूळ लावीत नाहींत. पिसें, केंस व दोरा बांधून त्या दिवशीं निघणाऱ्या किड्याची नक्कल गळावरच करतात. ही विद्या जुनी आहे. मॅसिडोनियांतील लोक तांबड्या लोंकरीचा व कोंबड्याच्या पिसांचा असा गळ वापरीत, असें ईलियन ह्या ग्रंथकारानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे. पिसाला वजन कोठलें? म्हणून वजनदार दोरीच हवेंत फिरवून फेंकतात, आणि तिच्यामागून पीस जातें. तें पाण्यावर अगदीं मोकळें वाहिलें पाहिजे. दोरीनें जरा ओढलें गेलें कीं माशाला संशय आलाच!

आतां वर्षाचा फेरा पाहूं. मार्च-एप्रिलमध्यें बेटिस नांवाची लहानशी, राखी पंखांची मेफ्लाय निघते, व तीही ढगाळ दिवशीं अधिक. दमट हवेंत तिचे पंख लौकर वाळत नाहींत, म्हणून ती पाण्यावर बराच वेळ राहते आणि माशांचें फावतें. लख्ख ऊन पडावें म्हणून सहलीला जाणारे लोक प्रार्थना करितात. हे गळकरी मात्र आभाळ भरून यावें म्हणून वाट पाहतात. एप्रिलच्या अखेरीस पाणी सुमारें बारा अंशांवर आलें कीं कॅडिसचा मोठा उठाव होतो. अमेरिकेंत मे महिन्याचा दुसरा रविवार मातृदिन म्हणून पाळतात. त्याच सुमारास निघतो म्हणून ह्या किड्याचें नांवच ‘मदर्स डे कॅडिस’ पडलें आहे. येथें एक शर्यत असते. त्याच उन्हानें डोंगरांवरील बर्फही वितळूं लागतें, आणि किडा आधीं कीं पूर आधीं हें कोणासही छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. पूर पुढें सरला तर नदी गढूळ होते, किडे निघाले तरी माशाला दिसत नाहींत, आणि वर्षाची वाट पाहणें फुकट जातें. मॅडिसनवरील तलावांत गाळ खालीं बसतो, म्हणून शेजारच्या कित्येक नद्यांपेक्षां ती लौकर निवळते.

जूनच्या अखेरीस साल्मनफ्लाय, बरोबरीनें फिकट पिंवळ्या मेफ्लाय, जुलैंतील संध्याकाळीं पुन्हां कॅडिस. ऑगस्टमध्यें पाण्यांतल्यांपेक्षां कांठावरचा किडा महत्त्वाचा. वाळल्या गवतांतील नाकतोडे दुपारच्या वाऱ्यानें उडून नदींत पडतात.

परंतु हीच दुपार अलीकडे काळजीची झाली आहे. बर्फ थोडें पडलें किंवा लौकर वितळलें, कीं उन्हाळ्यांत नदी आटते आणि तापते. तापलेल्या पाण्यांत गळाशीं झगडून थकलेला मासा, हातानें सोडून दिला तरी, पुष्कळ वेळां वांचत नाहीं. म्हणून मोंटानांत असा नियम आहे कीं, लागोपाठ तीन दिवस पाण्याची उष्णता ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारें २३ अंश सेंटिग्रेडला, पोंचली तर दुपारीं दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकण्यास मनाई करितां येते. ह्या नियमास तेथें घुबडाचें नांव आहे. उन्हाळ्यांत वणव्याच्या भीतीनें पहांटे, घुबडें घुमत असतांनाच, कामास लागणाऱ्या लांकूडतोड्यांवरून तें आलें. २०२१ च्या उन्हाळ्यांत असे निर्बंध तेथील अनेक नद्यांवर घालावे लागले. गळकऱ्याच्या खिशांत पिसांच्या डबीबरोबर उष्णतामापक असावा, हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें.

कोणी विद्यार्थी विचारील, मासे मेले तर पैदास करून नवे कां सोडूं नयेत? हा प्रयोग होऊन गेला आहे. वर्षानुवर्षें तेथें हौदांत वाढविलेले ट्राऊट नद्यांत सोडीत असत. डिक व्हिन्सेंट ह्या सरकारी मत्स्यशास्त्रज्ञानें मॅडिसनवर कित्येक वर्षें मोजणी केली, तेव्हां उलटेंच दिसलें. जेथें पाळीव मासे सोडणें बंद केलें तेथें रानटी मासे वाढले; जेथें सोडले तेथें ते घटले. १९७४ सालीं मोंटानानें अशा नद्यांत मासे सोडणें थांबविलें. तेव्हांपासून नदीनें स्वतः जितके वाढवावे तितकेच मासे तेथें आहेत, आणि म्हणूनच पाण्याची काळजी अधिक.

सप्टेंबरांत बेटिस पुन्हां दिसूं लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत ब्राऊन ट्राऊटची मादी शेपटीनें वाळूगोट्यांत खळगा करून अंडीं घालते व वर गोटे लोटते. ह्या दिवसांत नदींत उतरणारानें पाऊल कोठें पडतें तें पाहावें. ३० नोव्हेंबर २०२१ रोजीं, नेमक्या ह्याच हंगामांत, हेब्गेन धरणाच्या दाराचा एक भाग मोडला आणि खालील पाणी कांहीं तासांत निम्म्याहून कमी झालें. बाजूचे फांटे तुटून डबकीं राहिलीं. बातमी कळतांच आसपासचे लोक थंडींत बालद्या घेऊन धांवले व अडकलेले मासे मुख्य प्रवाहांत नेऊन सोडूं लागले. दोन दिवसांत दुरुस्ती होऊन पाणी परत आलें. परंतु उघड्या पडलेल्या गोट्यांतील अंडीं बालदींत भरून नेण्यासारखीं नव्हतीं.

जीं अंडीं पाण्याखालीं राहतात तीं सारा हिंवाळा गोट्यांतच काढतात. पाणी जितकें थंड तितका त्यांस वेळ अधिक. वसंतांत पिलें निघतात, कांहीं दिवस पोटाशीं असलेल्या बलकावर जगतात, आणि मग वर येऊन डांसासारख्या बारीक किड्यांच्या अळ्या टिपूं लागतात. ट्राऊट नसला तरी मेफ्लाय व कॅडिस आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. पावसाळा ओसरल्यावर, वडील माणसाच्या सोबतीनें, वाहत्या उथळ पाण्यांतील एखादा दगड उलटून पाहावा. शेपट्यांचीं चपटीं पिलें व वाळूच्या नळ्या दिसतील. पाहून झाल्यावर दगड होता तसा पालथा ठेवावा.