निवृत्तीपूर्वीचे आत्मचरित्र
आत्मचरित्र हा उतारवयातला उद्योग, अशी आपली समजूत. रग्बीत मात्र लेखणी अडवीत होता तो नियम. खेळाच्या नावावर दमडीही घ्यायची नाही, हा दंडक इतका कडक, की १९८२ साली इंग्लंडचा निवृत्त कर्णधार बिल ब्यूमाँट आत्मचरित्राचे मानधन घेताच धंदेवाईक ठरला. १९९५ साली दंडक उठला. २००३ चा विश्वचषक जिंकून देणाऱ्या जॉनी विल्किन्सनचे पुस्तक २००४ सालीच निघाले; निवृत्ती २०१४ ची! याला लोभ म्हणावे, तर एका दुखापतीने ज्याची मिळकत संपते त्याने थांबावे तरी किती? खरी अडचण सोबत्यांची आहे. २००७ चा अंतिम सामना हरल्यावर काही आठवड्यांतच लॉरेन्स डलालिओच्या आत्मचरित्रातून प्रशिक्षक ब्रायन ॲश्टन यांच्यावर टीका आली. ॲश्टन तेव्हा पदावरच होते. मग कपडे बदलण्याच्या खोलीत मनातले बोलायचे कोणी, आणि कोणासमोर?