रेस सव्वा मिनिटाची, पण घोड्याचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. रेसच्या तबेल्यात नेमकं काय चालतं?

१२०० मीटरची घोड्यांची रेस साधारण ७०-७५ सेकंदांत संपते. गेट उघडतं, ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगानं घोडे सुटतात, स्टँडमधले लोक ओरडतात आणि तुम्ही रील रेकॉर्ड करायला मोबाइल सरळ धरेपर्यंत निकाल लागलेला असतो.

आपल्याला रेसिंग म्हटलं की एवढंच दिसतं. टोपी घातलेले श्रीमंत लोक, रंगीत कपड्यांतले जॉकी आणि पैसे लावणारी गर्दी. पण त्या सव्वा मिनिटामागे आठवड्याचे सातही दिवस चालणारं एक काम असतं. ते चालतं तबेल्यात, म्हणजे रेसिंगच्या भाषेत यार्डात.

मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स आणि पुण्यातल्या कॅम्पमधलं रेसकोर्स, दोन्हीकडे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब रेसेस भरवतो. मुंबईत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पावसाळ्यात पुण्यात, असा हंगाम असतो. हंगाम बदलला की घोडे खास ट्रकमध्ये बसून घाट चढतात किंवा उतरतात. त्यांच्यासोबत माणसंही हलतात.

काही ट्रेनरकडे मोठा ताफा असतो, तर काहींकडे जेमतेम पंधरा-वीस घोडे. अशा छोट्या यार्डाचा एक दिवस कसा जातो, तेच आज समजून घेऊ.

आधी हे बघू, यार्डात असतं कोण?

घोड्याचा मालक वेगळा आणि ट्रेनर वेगळा. मालक घोडा विकत घेतो आणि ट्रेनरकडे ठेवतो. त्याच्या खाण्यापिण्याचे, देखभालीचे आणि ट्रेनिंगचे पैसे मालक दर महिन्याला देतो. कोणता घोडा कधी, किती आणि कसा पळवायचा, हे ट्रेनर ठरवतो. त्यासाठी त्याला क्लबचं लायसन्स लागतं.

ट्रेनरच्या हाताखाली जमादार असतो, म्हणजे यार्डाचा मुकादम. सकाळी घोड्यावर बसून सराव करून घेणारे रायडिंग बॉय असतात. नाल ठोकणारा नालबंद असतो, जनावरांचा डॉक्टर असतो.

आणि असतो सईस. आपल्याकडचा जुना शब्द मोतद्दार. एका सईसाकडे मोजकेच घोडे असतात, बहुतेकदा एक किंवा दोन. त्यांना खाऊ घालणं, खरारा करणं, अंघोळ घालणं, लीद काढणं, फिरवणं हे सगळं त्याच्याकडे. मालक घोड्याला महिन्यातून काही वेळा भेटतो, जॉकी रेसच्या दिवशी काही मिनिटं. सईस मात्र दिवसभर सोबत असतो.

पहाटे चार : पहिली नजर गव्हाणीवर

सईस बॉक्समध्ये म्हणजे घोड्याच्या खोलीत शिरला की सगळ्यात आधी बघतो ती गव्हाण. रात्रीची चंदी संपली आहे का? मराठीत आपण ‘घोडं कुठं पेंड खातंय’ असं कुठलंही काम अडलं की विचारतो. इथं हा प्रश्न अगदी शब्दशः विचारला जातो. कारण धडधाकट घोडा सहसा खाणं सोडत नाही. गव्हाणीत दाणे उरले असतील, तर काहीतरी बिनसलंय याचा तो पहिला इशारा.

मग बाकीची तपासणी. लीद नेहमीसारखी आहे का? पाणी किती प्यायला? रात्री आडवा झाला होता का? अंगाला पेंढा चिकटलेला असेल तर झाला होता. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवं व्हावं लागतं.

थर्मामीटर लावून ताप बघतात. घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. एखादा घोडा कायम ३७.६ वर असेल आणि आज ३८.४ दाखवत असेल, तर पुस्तकाप्रमाणे तो ठीकच आहे. पण त्या घोड्यासाठी हा आकडा वेगळा आहे. म्हणून रोजची नोंद ठेवावी लागते.

शेवटी पाय. सईस किंवा ट्रेनर खाली बसतो आणि पुढच्या पायांवरून, गुडघ्याखाली, हळूहळू हात फिरवतो. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतात. तिथं हाड आणि त्यामागून जाणारे दोरीसारखे टेंडन असतात. घोड्याच्या वजनाचा जास्त भार पुढच्या पायांवर असतो. ४५०-५०० किलोचं जनावर पूर्ण वेगात पळतं, तेव्हा काही क्षणांसाठी जवळपास सगळा भार एका पायावर येतो. टेंडनला थोडी जरी इजा झाली की ती जागा गरम लागते, किंचित सुजते. हे वेळेत कळलं तर काही आठवड्यांची विश्रांती पुरते. नाही कळलं आणि घोडा तसाच पळवला, तर टेंडन फाटतं आणि घोडा कित्येक महिने बाहेर बसतो. कधी कधी कायमचाच.

साडेपाच-सहा : ट्रॅकवर

उजाडायला लागलं की घोडे ट्रॅकवर जातात. उन्हं चढायच्या आत काम संपवायचं असतं. घोड्यालाही माणसासारखाच भरपूर घाम येतो आणि उन्हात त्याचं शरीर पटकन तापतं.

पण सगळे घोडे रोज जोरात पळत नाहीत. बहुतेक दिवशी चालणं, दुडकी आणि हलकी दौड एवढंच असतं. जोरदार सराव आठवड्यातून एखाद-दोन वेळा. त्याला ‘वर्क’ म्हणतात आणि तेव्हा स्टॉपवॉच चालू असतं. वर्तमानपत्रांत रेसिंगच्या पानावर ‘६०० मीटर ४० सेकंद, आरामात’ अशा बारीक ओळी छापून येतात ना, त्या याच सकाळच्या. पैसे लावणारे लोक त्या ओळी अभ्यासाच्या पुस्तकासारख्या वाचतात.

ट्रेनरला मात्र नुसत्या सेकंदांपेक्षा दुसऱ्या गोष्टीत जास्त रस असतो, पळून झाल्यावर घोडा किती वेळात सावरतो यात. शांत उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३०-४० वेळा धडधडतं. पूर्ण वेगात तोच आकडा २०० च्या वर जातो. घोडा फक्त नाकानं श्वास घेतो, तोंडानं नाही. पूर्ण दौडीत तर एका ढांगेला एक श्वास, असं गणित जमलेलं असतं. त्यामुळे नाकपुड्या किती वेळ फुललेल्या राहतात, यावरून दमसास कळतो.

खाली उतरलेला रायडिंग बॉय दोन वाक्यांत रिपोर्ट देतो. ‘डावीकडे ओढत होता’, ‘शेवटी स्वतःहून पळाला’, ‘आज मन नव्हतं’. ट्रेनर हे सगळं ऐकून घेतो, कारण पाठीवर बसलेल्याला जे जाणवतं ते दुर्बिणीतून दिसत नाही.

मग अंघोळ, चंदी आणि नालबंद

ट्रॅकवरून आल्यावर घोड्याला लगेच बांधत नाहीत. अंग थंड होईपर्यंत सईस त्याला हातानं गोल गोल फिरवतो. मग अंघोळ, खरारा आणि खुरांची सफाई.

खाण्यात ओट्स, हरभरा, कोंडा, लसूणघास आणि सुकं गवत असतं. रेसचा घोडा दिवसाला साधारण दहा-बारा किलो खातो, पण ते एकदम देऊन चालत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर तुलनेनं फार छोटं असतं आणि घोड्याला उलटी करता येत नाही. चुकीचं किंवा जास्त खाल्लं तर पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा दगावूही शकतो. म्हणून चंदी दिवसातून तीन-चार वेळा, वाटून आणि ठरलेल्या वेळी. दिवाळी असो की पाऊस, वेळ चुकत नाही.

नालबंद साधारण चार ते सहा आठवड्यांनी प्रत्येक घोड्याची नाल बदलतो, कारण खूर नखासारखं वाढत राहतं. रेससाठी बऱ्याचदा लोखंडी नाल काढून हलकी ॲल्युमिनियमची बसवतात.

दुपारी यार्ड शांत होतं. घोडे आराम करतात, माणसंही. संध्याकाळी पुन्हा फिरवणं, पुन्हा पायांवरून हात, पुन्हा ताप, पुन्हा चंदी.

एवढी तपासणी कशासाठी?

कारण घोडा दुखणं लपवतो. जंगलात लंगडणारा घोडा शिकाऱ्याच्या तावडीत आधी सापडतो, त्यामुळे दुखणं न दाखवण्याची सवय त्याच्या जातीतच आहे. त्याला बोलता येत नाही आणि तो दाखवतही नाही. म्हणून यार्डाचा सगळा दिनक्रम एकाच प्रश्नाभोवती फिरतो : हा घोडा या रविवारी पळण्यासारखा आहे का?

उत्तर ‘हो’ असेल तर सोपं असतं. खरी परीक्षा ‘नाही’ म्हणण्यात असते. आणि छोट्या यार्डाची गोची इथेच आहे.

समजा, यार्डात पंधरा घोडे आहेत. मालकानं मित्रांना रेसला बोलावलंय, रेसच्या कार्डावर घोड्याचं नाव छापून आलंय आणि शुक्रवारी सकाळी सईस म्हणतो, ‘साहेब, पाय जरा गरम लागतोय.’ घोडा लंगडत नाही. कदाचित पळेलही. कदाचित जिंकेलही. ट्रेनरनं नाव मागं घेतलं तर मालक नाराज होणार. नाराज मालकानं तीन घोडे दुसरीकडे हलवले तर यार्डाचं पाचव्या हिश्श्याचं उत्पन्न गेलं आणि एक-दोन सईसांचं कामही. मोठ्या यार्डाला असा फटका सहन होतो. छोट्याला तो महिनाअखेरीस दिसतो.

तरीही चांगले ट्रेनर ‘नाही’ म्हणतात. ते म्हणता यावं म्हणूनच सईसानं ‘गरम लागतोय’ हे न घाबरता सांगणं गरजेचं असतं. ज्या यार्डात सईसाला बोलायची भीती वाटते, तिथं घोडे जास्त जायबंदी होणार हे उघड आहे.

रेसच्या दिवशी काय बदलतं?

रेसच्या आधी चारा कमी करतात, म्हणजे पोट जड राहत नाही. घोड्याची ओळख तपासली जाते. रेसनंतर जिंकलेल्या घोड्याचा नमुना उत्तेजक चाचणीसाठी घेतला जातो. लघवीचा नमुना हवा असेल तर सईस शीळ घालतो! रोज लघवीच्या वेळी शीळ वाजवून घोड्याला तशी सवयच लावलेली असते.

चाचणीचा धाक यार्डात रोजचा असतो. कॅफिनसुद्धा बंदी असलेल्या पदार्थांत येतं. त्यामुळे सईसाचा अर्धा कप चहा चंदीच्या बादलीजवळ ठेवणंही धोक्याचं. दोषी ठरल्यास घोडा बाद होतो आणि घोड्याची जबाबदारी ट्रेनरची असल्यामुळे कारवाई त्याच्यावर होते.

पैसा येतो कुठून आणि अडचण काय आहे?

छोट्या यार्डाचा रोजचा खर्च मालकांच्या मासिक पैशांवर चालतो. घोडा जिंकला तर बक्षिसातला ठरावीक हिस्सा ट्रेनर आणि जॉकीला मिळतो. क्लब जे बक्षीस देतो, त्याचा मोठा आधार रेसवर लागणारा पैसा हाच असतो.

सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. पण करात ती सवलत मिळाली नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा रेसवरच्या बेटिंगला २८ टक्के दर लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कर वाढला की पैसा बेकायदा बुकींकडे वळतो, अशी रेसिंगवाल्यांची जुनी तक्रार आहे. जुगारावर जास्त कर हवाच, अशी दुसरी बाजू.

जागेचाही प्रश्न आहे. महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्येच संपला होता. २०२४ मध्ये राज्य सरकारनं २११ एकरांपैकी १२० एकर सेंट्रल पार्कसाठी मुंबई महापालिकेला आणि उरलेले ९१ एकर भाडेपट्ट्यानं टर्फ क्लबला द्यायचं ठरवलं. मुंबईसारख्या शहरात लोकांना मोकळी जागा हवी, हे मान्यच. पण या चर्चेत क्लबचे मेंबर दिसतात, तबेल्यांतली माणसं क्वचितच दिसतात.

आणि पळणं थांबल्यावर?

रेसचा घोडा दोन वर्षांचा झाल्यावर पळायला लागतो आणि बहुतेकांची कारकीर्द काही वर्षांत संपते. घोडा मात्र पंचवीस वर्षंही जगू शकतो. चांगल्या घोड्या पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात, काही घोडे रायडिंग स्कूलमध्ये. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे म्हातारे घोडे तर पूर्वी लस आणि सिरम बनवण्यासाठी हाफकिन संस्थेकडे जायचे. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण प्रत्येक घोड्याला असं चांगलं घर मिळतं असं नाही. कमावणं थांबलं तरी भूक तेवढीच राहते आणि तो खर्च कुणी करायचा, हा रेसिंगमधला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

पुढच्या वेळी रेसचा व्हिडिओ समोर आला, तर जिंकलेल्या घोड्याचा लगाम धरून चालणाऱ्या माणसाकडे एकदा बघा. तोच सईस. फोटो काढून झाले की मालक घरी जातो, जॉकी पुढच्या रेसची तयारी करतो. सईस घोड्याला थंड होईपर्यंत फिरवतो, पाणी पाजतो, चंदी घालतो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पुन्हा बघतो, गव्हाण रिकामी आहे ना.