खेळ-नियंत्रकाच्या कळांसाठी शिफ्ट रजिस्टरची निवड

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावरील बाळकुम येथे राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने, बोटांत पुरेसे बळ नसलेल्या आपल्या धाकट्या भावासाठी मोठ्या कळांचा व्हिडिओ गेम-नियंत्रक घरी तयार करण्याचे मनात आणले आहे, अशी कल्पना करू. चिप आणावयास त्याला लोकलने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जावे लागेल. चिपची किंमत अल्प असते. पण चुकीची चिप घरी आली, तर सारा दिवस व्यर्थ जातो आणि मुलाचा खेळही लांबणीवर पडतो. म्हणून ही निवड कोणत्या तत्त्वावर करावी, ह्याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

आठ कळा थेट जोडावयाच्या तर आठ तारा व एक सामाईक तार लागते. शिफ्ट रजिस्टर वापरल्यास पाच तारा पुरतात: वीजपुरवठा, भू-तार, पकड-संकेत (लॅच), घड्याळ-स्पंद (क्लॉक) व डेटा. पकड-संकेत येताच आठही कळांची त्या क्षणीची स्थिती चिपमध्ये नोंदली जाते. पुढे प्रत्येक स्पंदाबरोबर एकेक बिट डेटाच्या तारेवर येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिले बिट स्पंदाची वाट पाहत नाही, ते नोंद होताच तारेवर उपस्थित असते. म्हणून प्रथम वाचावे व नंतर स्पंद द्यावा. अन्यथा सर्व कळा एका घराने सरकतात.

निवडीतील पहिला प्रश्न दिशेचा होय. ७४एचसी५९५ ही चिप सर्वत्र मिळते. परंतु ती एका तारेवरून आलेली बिटे आठ पिनांवर मांडते. दिवे लावण्यास ती योग्य, कळा वाचण्यास निरुपयोगी. आपणांस ह्याच्या उलट काम करणारी चिप हवी. ४०२१ व ७४एचसी१६५ ह्या तशा आहेत.

दुसरा प्रश्न पकड-संकेताचा. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या व त्याच्या परदेशी आवृत्तीच्या नियंत्रकांत ४०२१ जातीची चिप योजलेली होती. ४०२१ मध्ये संकेत उच्च असताना नोंद होते, तर १६५ मध्ये तो नीच असताना. म्हणून तशा जुन्या यंत्रास जोडावयाच्या नियंत्रकात ४०२१ च घ्यावी. १६५ घेतल्यास संकेत उलटा करणारे आणखी एक द्वार लागेल. ४०१४ ही चिप ४०२१ सारखीच दिसते. तथापि तिच्यात नोंद होण्यास घड्याळ-स्पंदाचीही गरज असते. हे यंत्र नोंदीच्या वेळी सामान्यतः तसा स्पंद देत नाही, त्यामुळे कळ दाबूनही ती नोंदली जाणार नाही.

तिसरा प्रश्न विद्युतदाबाचा. ४०२१ सुमारे ३ ते १५ व्होल्टवर चालते; ७४एचसी१६५ फक्त २ ते ६ व्होल्टवर. नियंत्रक आधुनिक ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला जोडावयाचा असेल, तर ७४एचसी१६५ त्याच ३.३ व्होल्टवर चालवणे श्रेयस्कर, कारण इतक्या कमी दाबावर ४०२१ मंद होते. ७४एचसी१६५ ला ५ व्होल्ट दिल्यास उच्च संकेत सुमारे ३.५ व्होल्टचा असावा लागतो. ३.३ व्होल्टचा संकेत त्यास कधी पुरतो, कधी नाही. आणि असा अधूनमधून होणारा दोष शोधणे सर्वांत कठीण. शिवाय चिपचे ५ व्होल्टचे उत्तर मायक्रोकंट्रोलरच्या पिनेस अपाय करू शकते.

वेगाची मात्र चिंता नको. सेकंदास ६० वेळा आठ कळा वाचल्या तरी केवळ ४८० बिटे होतात.

चिप कोणतीही असो, प्रत्येक कळेच्या पिनेस सुमारे १० किलोओहमचा रोध वीजपुरवठ्याशी जोडावा व कळ भू-तारेशी जोडावी. म्हणजे दाबलेली कळ शून्य दर्शवील. न वापरलेल्या पिना मोकळ्या सोडू नयेत, नाहीतर न दाबलेल्या कळाही दाबल्यासारख्या दिसतात. वीजपुरवठ्याच्या पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र असावा. आठांहून अधिक कळा असल्यास एका चिपचे निर्गम दुसरीच्या क्रमिक आगमास जोडावे.

सारांश, जुन्या यंत्रासाठी ४०२१ व नव्या मायक्रोकंट्रोलरसाठी ७४एचसी१६५. गाडीत बसण्यापूर्वी हे दोन क्रमांक कागदावर लिहून घेतले, तर दुसरी खेप घालावी लागणार नाही.