अंडज कीं जरायुज?

डांसांच्या अळ्या खाव्या म्हणून आपल्या बीडकडे आरोग्य खात्यातर्फे हौदांत सोडतात तो गप्पी मासा मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडील उष्ण ओढ्यांतला. त्रिनिदादच्या रॉबर्ट गपी या गृहस्थांनीं लंडनला धाडलेल्या नमुन्यांवरून १८६६ सालीं त्यास त्यांचें नांव मिळालें. मनुस्मृति मत्स्यांस अंडज म्हणते. याची मादी तर महिन्याकाठीं जिवंत पिलें प्रसवते! अर्थात् अंडीं उदरांतच फुटत असल्यानें मनूचें म्हणणें अगदींच खोटें ठरत नाहीं. वाचकांनीं हा मासा बंद हौदांत अवश्य बाळगावा. वाहत्या पाण्यांत मात्र सोडूं नये. बिंदुसरेंतून सिंदफणेस व तेथून गोदावरीस जावयास त्यास अटकाव नाहीं, आणि देशी माशांचीं अंडीं-पिलेंही तो खातो.