झोपेत दात खाणारी पोरे



कर्जत तालुक्यातले कोंडाणे हे राजमाचीच्या पायथ्याचे गाव. मुलूख भाताचा, उसाचा नव्हे. पण कॉलेजची पोरे तिथली लेणी पाहून किल्ल्यावर मुक्कामाला जातात. एका पडवीत दहाजण झोपले की कोण घोरतो आणि कोण कराकरा दात खातो, हे सगळ्यांना कळते. कळत नाही ते खाणाऱ्यालाच! सकाळी चेष्टा होते आणि विषय मिटतो. तो तिथेच मिटू नये, म्हणून हा लेख.

घरची म्हातारी माणसे म्हणतात, "जंत झालेत, औषध द्या." जंतांचे औषध जंतांसाठी जरूर द्यावे, पण दात खाण्याचे कारण तेच, असे धरून बसू नये. लहानपणी ही सवय पुष्कळांना असते, बहुधा आपोआप सुटते. पंधरा-वीस वर्षांच्या पोराचे दात मात्र कायमचे असतात. मिलच्या रोलरचे दाते झिजले तर वेल्डिंग करून पुन्हा उभे करता येतात. दातावरचा कठीण थर झिजला की पुन्हा येत नाही.

कारणे अनेक. परीक्षेची, नोकरीची काळजी, अपुरी झोप, रात्रीचा चहा-कॉफी, सिगारेट, दारू यांनी त्रास वाढतो. मनाच्या आजारावरील काही औषधांनीही असे होते. ती परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे. सोबत घोरणे, झोपेत श्वास अडकणे असेल तर तपासणी करावीच.

खुणा ओळखा

सकाळी जबडा आखडणे, कानशिले दुखणे, गार पाण्याने दात शिवशिवणे, दातांची टोके सपाट होणे.

काय करावे?

पुष्कळ पोरे दिवसाही, पुस्तकात नाहीतर मोबाइलमध्ये डोके घालून, दात आवळून बसतात. त्यांना सांगावे : ओठ मिटलेले, दात सुटे. खाणे-गिळणे सोडले तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायचे कामच नाही. दंतवैद्य मापाची पट्टी, म्हणजे नाइट गार्ड, करून देतात. तिने सवय मोडतेच असे नाही, पण दात वाचतात. मुंबईत शिकणाऱ्या मुलांना सी.एस.एम.टी.जवळचे शासकीय दंत महाविद्यालय सोयीचे आहे.

आपण रागावलेल्या माणसाला 'दातओठ खातो' म्हणतो. झोपेतले पोर कुणावर रागावलेले नसते. म्हणून त्याच्यावर ओरडू नका. जवळ बसवून एवढेच विचारा, "बाळा, कसली काळजी लागलीय?" आणि पीक, कर्ज, मार्क यांचा हिशेब त्या वेळी तरी बाजूला ठेवा.